कन्यादानाला कोण बसणार

वाघोली
४ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप भाऊजी,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हांला नीट ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते. ओवीचं लग्न आठ फेब्रुवारीला ठरलं. कार्यालय, आचारी, फोटोवाले, सगळ्यांना ईमेल केले. दोन दिवसांत उत्तरं आली. अडलं ते गुरुजींपाशी. चौघांना लिहिलं, की मुलीचे वडील नऊ वर्षांपूर्वी गेले, कन्यादान मी एकटीच करणार आहे. दोघांनी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्यांनी कळवलं, की विधी दाम्पत्याच्या हातूनच होतो, दीर-जाऊ असतील तर त्यांना बसवा. चौथ्यांची वाट पाहते आहे.

हे बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. रागावू नका. इंदुताईंना नमस्कार.

आपली,
श्यामला

कसबा पेठ
९ नोव्हेंबर

गं. भा. श्यामला हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुरुजी ईमेलवर मिळतात हे ठाऊक नव्हतं. ज्ञानात भर पडली. त्या तिसऱ्या गुरुजींचे आभार मान. त्यांना तरी आम्ही आठवलो.

सलिल गेला त्या दिवसापासून ओवीच्या कन्यादानाला मी आणि इंदू बसणार, असं आम्ही धरून चाललो होतो. आम्हांला मूलबाळ नाही. हा योग दुसरीकडून यायचा नाही. इंदूने शालू काढून त्याला ऊन दाखवलं होतं. तुझं पत्र वाचून घडी घालून परत ठेवला.

ठरलंच असेल तर पाहुण्यांसारखी आम्हांलाही पत्रिका पाठव. येऊ, जेवू, निघू.

श्यामसुंदर

वाघोली
१६ नोव्हेंबर

ती. भाऊजी,
सा. न.

चौथं उत्तर आलं. येरवड्याच्या मुक्ताताई पौरोहित्य करतात. त्यांनी एवढंच विचारलं, की एकटीनेच का बसायचंय. तुम्हांला कधी सांगितलं नाही, ते त्यांना लिहिलं.

ओवी सोळा वर्षांची होती. आपल्याच घरातल्या एका लग्नात बायका ओळीने हळद लावत होत्या. माझी पाळी आली आणि वाटी माझ्यासमोरून पुढे गेली. मी हसून बाजूला झाले. ओवीने पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, की माझ्या लग्नात तुला असं सरकावं लागणार असेल, तर मी लग्नच करणार नाही. आमोदला होकार देण्याआधी तिने हेच सांगितलं.

वाटी कोणी पुढे नेली ते आजही लिहीत नाही. तुमचं काही हिरावून घ्यायचं मनात नव्हतं, एवढं मानावं.

श्यामला

कसबा पेठ
२४ नोव्हेंबर

चि. श्यामला हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र इंदूने मोठ्याने वाचलं. वाटीपाशी थांबली. वाटी तिच्याच हातात होती. रीत पाळतेय एवढंच तेव्हा वाटलं, म्हणाली. पण तुझा चेहरा आठवतो. दोन दिवस धड जेवली नाही. मीही त्या मांडवात होतो. पाहिलं आणि गप्प बसलो. हे लिहायला आठवडा लागला.

शेजारच्या योगेशकडून मुक्ताताईंना ईमेल लिहून घेतला, की आईच कन्यादान करणार तर मोठ्या काका-काकूंना काही काम उरतं का. त्यांनी कळवलं, की आई मुलीचा हात हातात घेईल तेव्हा वरून पाणी सोडायला कोणीतरी लागतं. पण कोणी, ते आईने ठरवायचं.

इंदू विचारते आहे, तिचे हात चालतील का. नको असेल तर स्पष्ट कळव. तिला समजेल.

लोभ जेवढा शिल्लक असेल, तेवढ्यात भागवू.

श्यामसुंदर

वाघोली
२७ नोव्हेंबर

ती. इंदुताई,
सा. न.

हे पत्र तुम्हांलाच. तुमचा प्रश्न ओवीला वाचून दाखवला. ती म्हणाली, की काकूंनी स्वतःहून विचारलं ना, मग हो म्हण. मलाही तेच वाटत होतं.

मुक्ताताईंना आजच ईमेल केला. पाणी सोडणार: ओवीची मोठी काकू, इंदू.

आदल्या दिवशीच या.

तुमची,
श्यामला