चिंचेखालचा शिक्का

१२ जानेवारी १९७४

निषेध! त्रिवार निषेध! घरातल्या उंदरानं माझ्या कॅनव्हासच्या बुटाची नाडी खाल्ली. तीही एकाच, उजव्या बुटाची. डाव्या नाडीला दात लावला नाही. असला पंक्तिप्रपंच उभ्या वसमतेत कुणाच्या लग्नात पाहिला नाही! दौडीला चौदा दिवस उरलेत आणि शत्रू घरातच निघाला.

हिच्याकडे फिर्याद नेली. म्हणाली, "चव्वेचाळिसाव्या वर्षी अर्धी चड्डी घालून तेरा मैल पळणाऱ्याला आणखी कोण समजावणार? उंदरानं समजावलं." प्रेमा फिदीफिदी हसली. वय वर्षं बारा, पण कायम आईच्या पक्षात.

बुटात परकराची नाडी ओवली आहे. संस्कृतचा मास्तर, एका दैनिकाचा वार्ताहर — आणि बुटात परकराची नाडी. असो.

२० जानेवारी

सराव, पाच मैल. सरकारनं मैलाचे दगड उपटून किलोमीटरचे रोवले, दौड मात्र तेरा मैलांचीच राहिली. शाळेच्या मैदानातून कुरुंद्याच्या रस्त्याला लागायचं, साडेसहा मैलांवरच्या चिंचेला वळसा घालायचा, परत. चिंचेखाली आमचे कारकून विश्वंभर जांभळी शाई घेऊन बसतात आणि प्रत्येकाच्या मनगटावर शाळेचा शिक्का मारतात. अर्ध्यातून माघारी फिरणाऱ्या लबाडांवर हा उपाय समितीला मीच सुचवला होता. शिक्का नाही तर नाव नाही!

वाटेत ग्यानोबा भेटला, डोक्यावर हळदीचं पोतं. कुरुंद्याला हळद शिजवायच्या कढईवर असतो. अनवाणी पळतो. शेवटून दुसरा कोण आणि तिसरा कोण, एवढाच सहा वर्षं आमचा वाद.

"गुरुजी, यंदा बी देव-देवौ म्हनत पळनार का?"

पावलाच्या तालावर मी शब्दांची रूपं म्हणतो, ती त्याला आता पाठ आहेत.

२६ जानेवारी

टाकाचं टोक मोडलं. रागानं.

चिंचेपर्यंत ग्यानोबा माझ्या पुढं दहा पावलं. त्याचा बनियन खांद्यावर फाटलेला, त्यातून तो चट्टा दिसत होता. महिन्यापूर्वी सरकारचा कुष्ठरोग-तपासनीस हरिचंद पीस घेऊन कुरुंद्यात तपासणीला गेला होता. डोळे मिटायचे, पीस लागलं की तिथं बोट ठेवायचं. ग्यानोबाला त्या चट्ट्यावर पीस लागलेलं कळलं नाही. गोळ्या चालू झाल्या. आणि गावभर बोभाटा.

त्यानं मनगट पुढं केलं. विश्वंभरनं हात मागं घेतला.

"तुला न्हाई."

"काहून?"

"न्हाई म्हनलं ना! उद्धवरावांनी सांगितलंय."

ग्यानोबा हात तसाच धरून उभा राहिला. मी मागून पोचलो. माझं मनगट पुढं झालं. शिक्का बसला. मी पळालो.

मैदानावर उद्धवराव — समितीचे चिटणीस, गावातले मोठे कापडवाले — वही घेऊन बसलेले. ग्यानोबा तेरा मैल पळून आला. "शिक्का कुठाय?" म्हणाले. आणि लोक हसले! माझ्या शाळेच्या मैदानावर, झेंड्याखाली! ग्यानोबानं घाम पुसला, सदरा अंगात घातला आणि गेला.

उद्धवरावाला आणि विश्वंभरला त्याच चिंचेला उलटं टांगलं पाहिजे.

२९ जानेवारी

समितीची बैठक. मी तडतडलो: "हा अन्याय आहे." उद्धवराव गोड हसले. "बराबर हाय गुरुजी. म्हनूनच त्याला चारचौघांत तकलीफ नको. एक पत्र देऊ. तुमीच लिहा, तुमचं मराठी कसं तुपातलं!"

लिहिलं. काय करणार — विश्वंभरनं लिहिलं असतं तर चार ओळींत सहा चुका आणि एक शिवी. मी लिहिलं तर निदान माणसाचा मान राहील, असं वाटलं. "आपल्या प्रकृतीची काळजी समितीस वाटते. तरी यापुढे आपण विश्रांती घ्यावी, हे उचित ठरेल." कर्ता कुठंच नाही. कोणी म्हणत नाही, कोणी हाकलत नाही. सगळं आपोआप उचित ठरतं.

घोटून अक्षर काढलं. सवयच वाईट.

११ फेब्रुवारी

ते पत्र ग्यानोबा माझ्याकडेच वाचून घ्यायला आला!

त्याला वाचता येत नाही, आणि वसमतेत ज्याचं पत्र येतं तो माझ्या ओट्यावर येतो. मला कसं सुचलं नाही हे? सगळं वाचलं, खड्या आवाजात. तो खाली बसून ऐकत होता.

"लई गोड लिवलंय," म्हणाला. कागद मागून घेतला, उजेडात धरला, बराच वेळ पाहत राहिला. "कोनी लिवलं हो?"

"समितीनं."

"हां. समितीनं." घडी घातली, टोपीत ठेवली. "यापुढं पळायचं न्हाई म्हना की."

हिनं चहा केला होता. तो प्यायला थांबला नाही. मी कप फोडला. हिला सांगितलं, निसटला.

२६ जानेवारी १९७५

पळालो. शिक्का मिळाला. शेवटून पहिला.

रस्त्याच्या कडेनं, बांधाबांधानं, तूर-ज्वारीतून एक माणूस पळत होता — माझ्याच बरोबरीनं, अनवाणी. चिंचेपाशी थांबला नाही. बांधावरूनच वळला. मी हाक मारली नाही. त्यानंही नाही.

२ नोव्हेंबर १९७५

दिवाळीचं अभ्यंगस्नान. चौरंगावर बसलो, डावा पाय बादलीपाशी. ही किंचाळली, "अहो, पाय काढा! कढत पाणी ओघळतंय!" खाली पाहिलं तर टाच लाल. म्हटलं, सात वर्षं डांबरी रस्त्यावर घासलेली टाच आहे, तिला तुझ्या पाण्याची काय मातब्बरी? प्रेमा म्हणाली, बाबांच्या पायाला साल आलीय.

संध्याकाळी फोड आला. उजवा पाय मेला कुरकुऱ्या, डावा गुणी. हूं की चूं करत नाही.

२६ जानेवारी १९७६

तेच. बांधावरून तोच. हरभऱ्यातून जाताना शेतवाला त्याच्यावर ओरडला. रस्ता रिकामा होता! पन्नास माणसं आरामात पळतील एवढा रिकामा!

१७ जानेवारी १९७७

ग्यानोबा डॉक्टरांचा कागद घेऊन आला. परभणीचा, सहीशिक्क्यासह: याच्यापासून इतरांस धोका नाही. मी तो घेऊन तडक दुकानात गेलो. उद्धवराव गिऱ्हाइकासमोर लुगडी उलगडत होते.

"कागद खरा असंल हो. पर लोकायला कसं समजावनार? पान्याचा माठ एकच असतो."

"मग दोन माठ ठेवा!" मी ओरडलो. आणि मला तिथंच उमगलं, आपण काय बोललो ते. दोन माठ! हा माझा अन्यायाविरुद्धचा लढा! बारा पिढ्या ज्यांना वेगळा माठ पाजला त्यांची मुलं माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसतात, आणि मी भर बाजारात आणखी एक वेगळा माठ मागतो. गिऱ्हाईक बाई माझ्याकडे पाहून मान हलवत होती. पसंतीनं! दोन माठ तिला पटले होते.

दैनिकाला बातमी धाडली.

२५ जानेवारी

बातमी छापली. "दौडीची जय्यत तयारी." मधला मजकूर गाळला. संपादकांचं कार्ड: "स्थानिक कुरबुरी सध्या नकोत." कुरबुरी!

१४ डिसेंबर १९७७

यंदा मी बैठकीत सांगितलं: ग्यानोबा रस्त्यावरून पळणार नसेल तर प्रशस्तिपत्रकांवरची नावं मी लिहिणार नाही. बातमी देणार नाही. पाहुण्यांसाठी मानपत्र तर अजिबात नाही! दहा वर्षं प्रत्येक पत्रक माझ्या हातचं आहे. उद्धवरावांना यंदा पाहुणे मोठे आणायचेत आणि मानपत्र हवंय तुपातलं.

"गुरुजी, तुमी एका मानसापायी सगळ्या गावाला येठीस धरून राहिलात."

"हो."

विश्वंभर म्हणाला, "पर शिक्का मी मारनार न्हाई." तेव्हा कोपऱ्यातून हरिचंद बोलला. त्याला आरोग्याचा माणूस म्हणून बोलावलं होतं, बोलण्यासाठी नव्हे. "मी बसतो ना चिंचेखाली. माझं तर रोजचं काम हाय, मानसाला हात लावायचं."

मंजूर झालं. चार वर्षं लागली. शब्दांचा उपयोग मला पहिल्यांदा कळला: ते न लिहिण्यात आहे.

२६ जानेवारी १९७८

नीट लिहितो.

ग्यानोबा रस्त्यावर होता. नवा बनियन. चिंचेपाशी हरिचंदनं त्याचं मनगट धरलं आणि शिक्का मारला, मग शाई वाळेपर्यंत धरूनच ठेवलं. ग्यानोबा शिक्क्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "जरा तिरपा बसला." हरिचंद म्हणाला, "आता तिरपाच घेऊन जा."

परतीला आम्ही बरोबरीनं. दोन मैल गेले. मग तो म्हणाला, "गुरुजी, म्हना की देव-देवौ." म्हणायला लागलो. दहाव्या मैलाच्या आसपास त्याची नजर खाली गेली.

"थांबा."

"आता कशाला थांबायचं? हरायचंय का?"

"गुरुजी, बूट पाहा."

डावा बूट लाल. टाचेपासून अर्ध्यापर्यंत भिजलेला. मागं रस्त्यावर एका आड एक ओले ठसे, दूरवर.

त्यानं मला दगडावर बसवलं, बूट काढला. बाभळीचा काटा, बोटभर, तळाच्या रबरातून टाचेत गेलेला. दोन बोटांत धरून उपसला. माझ्या चेहऱ्याकडे पाहत उपसला.

"दुखलं?"

मी म्हणालो, "थोडं."

त्यानं काट्याचं टोक टाचेला पुन्हा लावलं. हळूच, आणखी एकदा. "आता?"

मी बुटाकडे पाहू लागलो. त्याला हा प्रश्न कुठून सुचला ते दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं काटा लांब फेकला, मुंडाशाची पट्टी फाडून टाच बांधली.

"भिऊ नका. मी समितीला चिठ्ठी लिवनार न्हाई," म्हणाला. आणि नाडी बांधता बांधता, मान वर न करता: "मला लिवता कुटं येतं. अक्षर मात्र वळखू येतं. सा पत्रकं लावलीत घरात भिंतीला, तुमच्या हातची. रोज पाहतो."

मला तोंड वर करवेना. तो चिडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

"मंगळवारी मी गोळ्यांसाठी दवाखान्यात जाऊन राहिलो. यायचं तर या. आता उठा. मागनं पोरं येऊन राहिली."

त्यानं काखेत हात घातला. शेवटच्या फर्लांगाला तो काढून घेतला. मैदानात मला एकट्याला पळू दिलं, स्वतः मागं राहिला. उद्धवरावांनी त्याचं नाव मोठ्यानं वाचलं. टाळ्या पडल्या. मी संतापलो होतो, कोणावर ते आता कळतं.

२७ जानेवारी

ग्यानोबाचं प्रशस्तिपत्रक लिहायला बसलो. चार कागद फाडले. चांगलं अक्षर काढायला हात धजेना.

३० जानेवारी

हरिचंद आज शाळेत पीस घेऊन आला. वर्गावर्गातून मुलांनी डोळे मिटले, बोटं ठेवली, खिदळली. शेवटी तो माझ्या वर्गाच्या दारात उभा राहिला. "मास्तरांपैकी कोनी?" मी खडू उचलून फळ्याकडे वळलो.

डावी टाच बधिर आहे. त्या दिवाळीपासून मला माहीत आहे. इथं या वहीतसुद्धा लिहिलं नाही, थट्टा लिहिली. रोगाला गोळ्या आहेत. ग्यानोबाला बरा होताना चार वर्षं पाहिलंय. मला भीती त्या पत्राची आहे. माझ्यासारखाच कोणी भला माणूस ते लिहील, अगदी मान राखून.

उद्या मंगळवार. मला भीती वाटते.