खाटेवरचा हुंकार

जळगाव, सोमवार

ती. मोहिनीवन्सं यांस,

कोकिळाचा नमस्कार. कानबाई मातेच्या कृपेने आम्ही धडधाकट आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? अक्कांची खाट तुम्हाला शिंदखेड्याला हवी आहे, असा निरोप मिळाला. आईची वस्तू लेकीकडेच शोभते. रविवारी टेम्पो पाठवा, खाट देते. (फोनच केला असता, पण ही गोष्ट घरात मोठ्याने बोलवत नाही.)

दिवाळीत तुम्ही माझ्या मोबाइलवर ऐकायची पुस्तकं टाकून दिलीत, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, डोळे असताना ऐकायचं कशाला. आता सांगते, मोठी सोय आहे. ज्वारीचे बिबडे थापताना हात पिठात, कान मोकळे. चष्मा नको, दिवा नको, कपाट नको. आमच्या गल्लीत सगळ्यांनाच नाद लागलाय. दूधवाला वनासुद्धा कानात पुस्तक घालून फिरतो (त्या नादात माप मात्र कधी जास्त पडत नाही). मी आवाज मोठाच ठेवते, म्हणजे त्याच पैशात शेजारच्या कुंदाबाईंचंही ऐकून होतं.

त्या कुंदाबाईंनीच परवा भिंतीवरून विचारलं, "पाहुणी कोण आलीय हो तुमच्याकडे? गोष्टीला हुंकार काय छान देते."

पाहुणी कोणी नव्हती. मी मागच्या अंगणात, तुमचे भाऊ दुकानात, मोबाइल अक्कांच्या खोलीतल्या फळीवर. दाराशी जाऊन कान दिला. वाचणारी बाई वाक्य संपवून थांबली, की अक्का गेल्यापासून रिकाम्या पडलेल्या त्या खाटेवरून सावकाश, "हं." पुढचं वाक्य, पुन्हा "हं." गोष्टीला हुंकार हवाच, ही अक्कांची शिस्त तुम्ही जाणता. बोलणं पटलं नाही की त्या गप्प राहायच्या, तेही जाणता. पुस्तकातली सून सासूला उलट बोलली, तिथे हुंकार नाही. सून तापाने फणफणली, तिथे लगेच "हं."

तुमचे भाऊ म्हणाले, मोबाइल घुमत असेल. म्हणून तो स्वयंपाकघरात नेऊन लावला. हुंकार खाटेवरूनच. मी अंगारा लावला, उदबत्ती लावली. शेवटी तुमच्या भावांनी पुस्तक बंदच केलं. घर अगदी शांत झालं, आणि आतून आलं, "मंग काय व्हयनं?"

तेव्हापासून तुमचे भाऊ जेवायलासुद्धा ओट्यावर बसतात, आणि पुस्तक बंद करायचं धैर्य मला होत नाही. तेव्हा खाट लवकर न्या.

तुमची भावजय,
कोकिळा

ता. क. खाटेबरोबर गादी आणि अडकित्ताही देते. तिकडे गेल्यावर जवळ पुस्तक लावून ठेवत जा, नाहीतर विचारणा होते.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी त्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून (उजेड तिथेच फुकटचा) पुस्तकाचा आवाज बारीक करून पत्र पुन्हा वाचलं, आणि सवयीने मोठ्याने वाचत गेले. वाक्यावाक्याला हुंकार आला. तुमच्या गुडघ्याचं विचारलंय, तिथे दोनदा. फक्त "खाट देते" इथे आला नाही. पुन्हा वाचलं. नाही आला.

टेम्पो पाठवू नका. तुम्हीच या, गुडघा सांभाळून. तुम्ही लावून दिलेलं पुस्तक संपत आलंय, आणि दुसरं कसं लावायचं ते मला येत नाही.