मुलतानीचा थाट

गुरुजी, परवा माझ्या एका शिष्याने विचारले, थाट म्हणजे काय. मी तोंड उघडायच्या आतच दुसऱ्याने सात स्वरांची यादी घडाघडा म्हणून दाखवली आणि मला त्या पोपटपंचीची शिसारी आली. मग स्वतःचीही आली. अकोल्याच्या जुन्या शहरात मी तुम्हाला हेच विचारले, तेव्हा तुम्ही तुमची सतार माझ्या मांडीवर दिलीत आणि तातीने बांधलेला एकेक पितळी पडदा रागाच्या जागेवर सरकवायला लावलात. "झाली मांडणी? यालेच थाट म्हन्तेत. हे नाव वाजवनाऱ्याच्या बोटातून आलं, पोथीतून नाई. राग बदलला का पडदे सरकव." मी निघताना ती सतारही मला देऊन टाकलीत.

मग ते कापसाचे दिवस आले. परदेशात कुठे लढाई पेटली, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि अमरावतीत कालपर्यंत अनवाणी फिरणारे बैलांच्या शिंगांना चांदी मढवू लागले. अशाच एका अडत्याच्या बैठकीत मी वाजवायला राहिलो. गालिच्यावर रुईचे भुसकट, भिंतीवर पानाच्या पिंका आणि लोडाला टेकून ढेकर देणारे ते रसिक! त्यांना काफीची एकच धून हवी असे, पुन्हा पुन्हा. "दर येळी पडदे काहून सरकवून राह्यला बे? पाहुण्यायले झोप येते," अडत्या खेकसला. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या सतारीचे सगळे पडदे काफीच्या मांडणीत लाखेने पक्के चिकटवून टाकले.

त्याच आठवड्यात तुम्ही मला भेटायला आलात. तिसरा प्रहर आहे, अडत्या आग्रह करतो, तुम्ही सतार घेता आणि मुलतानी लावू पाहता. तिला तीव्र मध्यम हवा, पण मध्यमाचा पडदा हलत नाही. तुम्ही नख मोडेपर्यंत जोर लावता. "हात थकले गुरुजी तुमचे!" अडत्या खो खो हसतो, बैठक हसते. तुम्हाला लाख दिसते. "कोनं केलं हे?" मी पान चघळत खाली बघतो. तुम्ही सतार माझ्यापुढे ठेवता आणि उठता.

त्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मी खांदा द्यायलाही आलो नाही.

लोकांना मी सांगतो की त्या दिवशी लाजेने माझा हात चालेना. हे पत्र कुणाच्या हाती जायचे नाही, म्हणून खरे लिहितो. तुम्ही जिना उतरत होतात, तेव्हाच मी काफी सुरू केली. वाहवा झाली, आणि मला ती आवडली.