नाकावरची खळगी

२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी बस, मग पुढचं वाच. मी नाकाचं ऑपरेशन करून घेणार आहे. आईला सांगितलं तर तिने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करून दिली. म्हणजे तिचा होकार आहे असं मी धरते.

का, म्हणून विचारशील. दिवसभर मी लोकांच्या नाकांवर चष्मे बसवते आणि आमच्या दुकानात आरसे आहेत सतरा. प्रत्येक आरशात गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून माझं नाक डोकावतं. तो उंचवटा आजोबांना शोभतो. माझा चष्मा मात्र त्याच्यावर चढून बसतो आणि एका बाजूला कलतो. परवा एका बाईंनी विचारलं, जिला स्वतःचा चष्मा धड बसवता येत नाही ती माझा काय बसवणार? तिथे हसून साजरं केलं, घरी येऊन रडले.

डॉक्टर बरे वाटले. समोरून, बाजूंनी, अगदी खालूनसुद्धा फोटो काढले, श्वास नीट येतो का ते पाहिलं, दोन आठवडे आधीपासून ॲस्पिरिन बंद सांगितली. कसं नाक हवं ते चित्रात दाखवा म्हणाले, आणि अगदी तसंच होईल याची खात्री नाही हेही बजावलं. म्हणून माझा बाजूचा फोटो सोबत पाठवतेय. चाळीस वर्षं तू स्टुडिओत बसून लोकांचे मुरूम, सुरकुत्या नि दुसऱ्या हनुवट्या ब्रशने घालवतेस, तर भाचीचा एक उंचवटा घालव.

भीती एकच आहे. आजोबांची नजर गेली, आता कानही गेले. ते मला नाकावरून बोट फिरवून ओळखतात. उंचवट्यावर बोट अडलं की म्हणतात, आली माझी पिटू. बोट अडलंच नाही तर? ते विचारून ठेवशील?

जुन्या नाकावर होता तेवढा लोभ नव्यावरही असू दे.

तुझी
पिटू


११ फेब्रुवारी

चि. पिटूस,
अ. उ. आ.

बसूनच वाचलं. नंतर उभी राहून पुन्हा वाचलं, तरी तेच लिहिलेलं होतं. नाक तुझं आहे, मी त्यात नाक खुपसणार नाही.

बाबांना काही विचारलेलं नाही. त्यांच्या कानाशी ओरडून चार शब्द पोचवायचे म्हणजे माझ्या नाकी नऊ येतात, त्यात हे कसं समजावू? जिना उतरणं बंद झालंय, छाती सारखी भरते. सकाळी चहा दिला की पहिला प्रश्न, पिटू कधी येणार. एवढं लक्षात ठेव आणि मग काय ते ठरव.

फोटो सोबत आहे. उंचवटा दहा मिनिटांत गेला. तेव्हाच ब्रश खाली ठेवायला हवा होता, पण हात चालत राहिला. आमच्या कामात असं होतं. डोकं दुसरीकडे जातं आणि हात आपलं काम पुरं करतो. शेंड्याच्या जरा वर एक बारीकशी खळगी आली आहे. ती भरून काढणार होते, पण तिच्यामुळे नाक खरं वाटतं. आवडलं नाही तर परत पाठव, दुसरं करून देईन.

पथ्य नीट पाळ आणि मावशीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
मावशी


९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

झालं बाई एकदाचं! भूल देणाऱ्या बाईंनी आकडे मोजायला सांगितले, मी चारपर्यंत पोचले. दोन तासांनी जाग आली तेव्हा नाकावर प्लास्टर, नाकपुड्यांत बोळे आणि तोंडाने श्वास. दुखलं फार नाही, पण डोक्यात कुणी ओली वाळू भरल्यासारखं वाटत होतं. आठवडाभर डोळ्यांखाली काळंनिळं. दोन उशा घेऊन उताणं झोपायचं, वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची. आईने धास्तीने मिरपूड लपवून ठेवली, आता तिलाच सापडत नाही. आणि चष्मा दीड महिना नाकावर टेकवायचा नाही! मी तो चिकटपट्टीने कपाळाला टांगून दुकानात बसते. गिऱ्हाइकांना ती नवी फॅशन वाटते.

आठव्या दिवशी प्लास्टर निघालं. सूज आहे, पण मावशी, हुबेहूब तुझा फोटो! ती खळगी हवीच का, असं डॉक्टरांनी आधी विचारलं होतं. मी हो म्हणाले होते, का ते सांगता येणार नाही. सूज पुरती उतरायला वर्ष जाईल म्हणाले. पुढचा भाग सगळा बधिर आहे, टोचलं तरी कळत नाही.

एकच विचित्र आहे. बोळे काढल्यावर पहिला वास आला तो संत्र्याच्या वाळलेल्या सालींचा. घरात संत्रं नाही. तरी दुकानात, बसमध्ये, माझ्या उशीला तोच वास. बरं होताना असले भास होतात, जातील, असं डॉक्टर म्हणतात. आईला काहीच येत नाही.

आजोबांना माझ्या वाटचा एक पापा दे, बाकीचा लोभ तू ठेव.

तुझी
पिटू


१५ मार्च

चि. पिटूस,
अ. उ. आ.

सुखरूप पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. उन्हात टोपीशिवाय हिंडू नकोस आणि तासातासाला आरसा बघू नकोस.

वासाचं वाचून मात्र मला बरं वाटलं नाही. तुला एक थोरली मावशी होती हे तू ऐकून आहेस. मी तिला ताई म्हणायचे. ती कपड्यांच्या कपाटात संत्र्याच्या साली वाळवून ठेवायची. विसाव्या वर्षी ती दुसऱ्या गावी नर्सिंग शिकायला निघाली. बाबांनी बजावलं, गेलीस तर मला पुन्हा तोंड दाखवू नकोस. ती गेली आणि चार महिन्यांत तापाने तिकडेच संपली. बाबांनी तिचे सगळे फोटो शेगडीत घातले, एकही उरला नाही. तुझी आई तेव्हा दोन वर्षांची होती, तिला काही आठवत नाही. मी बारा वर्षांची. ताई निघाली तेव्हा मी शाळेत होते, भेटसुद्धा झाली नाही.

हे मी कधी कुणाशी बोलले नव्हते. तुझा वास जाईल. चष्मा नाकावर टेकायला लागला की ये, बाबा थकत चाललेत.

लवकर बरी हो, आमची आठवण धर.

तुझी
मावशी


२० एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

परवा तू स्टुडिओतून घरी यायच्या आत काय घडलं ते तुझ्यासमोर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते.

मी आजोबांच्या पलंगावर बसले आणि नेहमीसारखा त्यांचा हात चेहऱ्याकडे नेला. बोट कपाळावरून खाली आलं. उंचवट्याच्या जागी थांबलं, चाचपडलं. मग घसरत खळगीत आलं आणि तिथेच राहिलं. दुसऱ्या हाताने त्यांनी माझी हनुवटी धरली. मग म्हणाले, शेवटी तोंड दाखवायला आलीस.

मी कानाशी ओरडून सांगितलं, मी पिटू, मी पिटू. त्यांनी मान हलवली. पिटू अजून यायची आहे, गुणाची पोर आहे, तिला सांभाळून घे, असं मलाच सांगू लागले. मग रडले. मावशी, आजोबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी जे बोललो ते परत घेतो म्हणाले. माफ केलं असशील तर हात दाब म्हणाले. मी काय करणार होते? मी हात दाबला.

आणि मी तिथे बसलेली असताना ते दाराकडे तोंड करून माझी वाट बघत राहिले. या घरात माझं नाक आवडणारं एकच माणूस होतं गं. त्यांच्यासाठी मी आलेच नाही.

अजून एक लिहायचं राहिलं. नाक बधिर आहे, त्यांचं बोट मला कळायला नको होतं. पण कळलं. खळगीपुरतंच कळलं.

माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस, सध्या त्याची फार गरज आहे.

तुझी
पिटू


२४ एप्रिल

चि. पिटूस,
अ. उ. आ.

माझ्या हाताने तुझं वाटोळं केलं. हात आपोआप चालला असं मी लिहिलं होतं. ते खरं आहे, पण अर्धंच. पाकीट चिकटवण्याआधी मला कळलं होतं. फोटो खिडकीपाशी धरला आणि समोर ताई. तिची खळगी, तिचा शेंडा. फाडून टाकायला हवा होता. पण तिचा एकही फोटो उरलेला नव्हता, आणि शेहेचाळीस वर्षांनी ती माझ्याकडे बघत होती. मी पाकीट चिकटवलं.

तुला दारात पाहिलं तेव्हा माझ्या हातातली पिशवी पडली, ती का ते आता तुला कळेल.

बाबा शांत झाले आहेत. गाढ झोपतात. पण चहा घेताना विचारतात, थोरली येऊन गेली, पिटू कधी येणार? डॉक्टर म्हणतात, आता थोडेच दिवस. तुला न भेटता ते गेले तर त्याचं पाप माझं. काहीतरी कर, पिटू. रागव, पण ये.

लोभ मागायचं तोंड मला राहिलेलं नाही.

तुझी
मावशी


१ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रागावले नाही. आधी तेवढं वाच आणि डोळे पूस.

डॉक्टरांकडे जाऊन आले. उंचवटा परत करून देता येतो, पण वर्षभर थांबावं लागेल म्हणाले. आजोबांकडे वर्ष कुठलं? मग दुकानातलीच युक्ती सुचली. चष्म्याला नाकावर टेकायला मऊ रबरी गादी असते. तसली एक घेतली, कानशीने घासून गोल केली, कातडीच्या रंगाच्या पट्टीने नाकावर बसवली आणि खळगी मेणाने भरली. डोळे मिटून बोट फिरवलं. बरोब्बर जुन्या जागी अडलं.

मग डोळे उघडले. सतराही आरशांत कुणीतरी पिटूचं सोंग घेऊन उभी होती. सोंग छान जमलं होतं. मला हसूच आलं.

संत्र्याच्या सालीचा वास आता येत नाही. किंवा येत असेल, मला वेगळा कळत नाही.

आणि तू शाळेत होतीस असं खोटं कशाला लिहिलंस? लाकडं ठेवायच्या खोलीच्या दाराआड उभी होतीस. दाराखालून तुझे मोजे दिसत होते, एक पांढरा, एक निळा. हाक मारली असती तर माझा पाय निघाला नसता, म्हणून मी बॅग उचलली आणि चालू लागले. तू बाहेर आली नाहीस म्हणून मी कधीच रागावले नव्हते. एवढीशी होतीस. इतकी वर्षं ते मनाला लावून घेतलंस, वेडी कुठली!

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. बाबांना सांग, पिटू येतेय. त्यांचं बोट अडेल, तू काळजी करू नकोस. पोरीला एकदा भेटून घेऊ देत त्यांना.

ब्रश घेऊन फार वेळ बसत जाऊ नकोस. डोळे सांभाळ, वेळेवर जेव, आणि या वेळी दाराआड उभी राहू नकोस.

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी
ताई