हात पाठीमागे

ता. ९, मंगळवार, दुपार

लाडक्या लेकीस आईचे भरभरून आशीर्वाद.

आम्ही दोघी आजी-नात खुशाल आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण त्याला आता विचारतंय कोण! गॅलरीतली मांजर व्याली, तीन पिल्लं आहेत. अक्षर वेडंवाकडं येतंय, सांभाळून घे. चार इयत्ता शिकलेली बाई याहून बरं काय लिहिणार?

तू विचारलंस, आपल्या बडबड्या टकळीने, तुझ्या लेकीने, तुझ्याकडे यायला बॅग भरली का. सांगते. आधी चष्मा पुसते.

ती शाळेत बाई झाली तेव्हा मला वाटलं, हिला काय अवघड, जन्मापासून तोंड चालूच. पण वर्ग काही हिला दाद देईना. त्यात एक दिवस शाळेच्या मोठ्या बाई येऊन मागच्या बाकावर बसल्या. त्या दिवशी घरी आली ती रडतच. माळ्यावरची बॅग काढली. "आजी, आईने बघून ठेवलेली ऑफिसातली नोकरीच बरी." हे रडणं मी तुला कळवलं नाही. तू लगेच गाडीत बसली असतीस.

मलाही वाटलं, मोठ्या बाई चुका धरायला आल्या. कसलं काय! वर्ग सुटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "प्रश्न कोणाला विचारत होतीस?"

"मुलांना."

"मग उत्तरं कोणी दिली?"

टकळीने जीभ चावली. सगळी हिनेच दिलेली!

मग पुढच्या दिवशी बाईंनी युक्ती सांगितली. प्रश्न विचारायचा, हात पाठीमागे न्यायचे, आपलंच मनगट घट्ट धरायचं. एखादं पोर बोलेपर्यंत सोडायचं नाही. आणि गंमत म्हणजे, बाई हिच्या वर्गात बसतात तशा हिलाही आपल्या वर्गात बसवतात. "माझं काय चुकतं ते सांग" म्हणाल्या. आपली टकळी ती! म्हणाली, "तुम्ही खिडकीकडच्या मुलींना काही विचारतच नाही." ऐकून मला धडकीच भरली. पण बाई हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं टेबलच खिडकीपाशी नेलं.

काल हिने वर्गात विचारलं, ओले कपडे वाळतात कसे? सगळे चिडीचूप. हिचं मनगट लाल झालं म्हणे. मग कधीच तोंड न उघडणारी एक मुलगी उठली. "पण बाई, पाणी जातं कुठे?" त्यावर पोरं अशी भांडली की घंटा कोणाला ऐकूच आली नाही. हे सांगत टकळी चपलांसकट स्वयंपाकघरात आली, आणि मी ओरडायचंही विसरले.

ते खूळ आता घरीही आलंय. आज सकाळी विचारते, "आजी, मी जाऊ का राहू?" आणि हात पाठीमागे! मी म्हटलं, तुझी आई म्हणेल तसं. ती गप्प. मी मांजरीचं काढलं. तरी गप्प. शेवटी मी म्हटलं, "तुला काय वाटतं गं?" आणि मीही मनगट धरलं. दोघी तशाच उभ्या, चहा उतू गेला. मग हळूच म्हणाली, "राहते."

तर बॅग भरली आहे. तिच्यात मांजरीची पिल्लं निजलीत.

रागवायचं तर माझ्यावर रागव. तिला फोन कर, "वर्ग कसा चाललाय?" एवढंच विचार, आणि गप्प बस. तुला जड जाईल, शेवटी माझीच लेक तू. पण बघ तर खरं, पोर किती बोलते.

मनगट धरून तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझी आई