बाबा जाऊन आले

प्रिय धाकट्या,

चौकीवरून तू दोनच ओळी पाठवतोस, त्यातली एक 'मी मजेत आहे' ही असते आणि ती खोटी असते. मी मात्र आज लांबलचक लिहिणार आहे. मध्येच कुणी हाक मारली तर घडी घालून खिशात ठेव, पण शेवटपर्यंत वाच.

बाबा बरे आहेत. जिना उतरायला डॉक्टरीणबाईंनी बंदी केली आहे, त्यामुळे दिवसभर माझ्या कामाच्या खोलीतच असतात. खिडकीपाशी त्यांची खुर्ची, समोर माझं चित्रांचं टेबल. मी अजून 'उलटकाटा'च काढते. हो, तोच तुझा लाडका, पिवळ्या मुखवट्याचा, घड्याळाचा काटा मागे फिरवून भूतकाळात जाणारा आणि दर अंकात कुणाला तरी मरणाच्या दारातून ओढून आणणारा. तू पाठीला टॉवेल बांधून पाण्याच्या टाकीवरून उडी मारली होतीस, आठवतं? हनुवटीला टाके पडले. त्याच संध्याकाळी बाबांनी आपली सगळी कॉमिक्स माळ्यावर टाकली. "यात कुणी मरतच नाही," एवढंच म्हणाले होते. आपल्याला वाटलं, राग तुझ्या हनुवटीचा आहे.

आता मात्र तेच माझ्या मागे उभं राहून पानं बघतात. एक दिवस काठीचं टोक चित्रावर ठेवून विचारतात, "हा लढाईतून परत आला ना? मग याच्या बुटांना चिखल कसा नाही?" मी चिखल काढला. दुसऱ्या दिवशी, "याला थंडी वाजत नाही का?" मी त्याच्या तोंडातून वाफ काढली. मग म्हणाले, "आणि हा ज्याला वाचवतो, त्याच्याऐवजी कोण जातं?" आमच्या संपादकांनी चिखल आणि वाफ दोन्ही खोडायला लावली. मुलांना चकचकीत बूट आवडतात म्हणाले. बाबा त्यावर पोट धरून हसले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

बाबा लढाईबद्दल आपल्याशी कधी बोलले नाहीत. आपल्याला ठाऊक होतं ते इतकंच, की ते टेलिफोनच्या तारा जोडायचे. बाकीचं त्यांनी मला या उन्हाळ्यात सांगितलं, आणि त्याला निमित्त झालं एक स्वेटर. उन्हातसुद्धा त्यांना हुडहुडी भरते, म्हणून मी बाजारातून एक तपकिरी स्वेटर आणला. खांद्यावर चामड्याचं ठिगळ असलेला. त्यांनी तो घातला, कपाटाच्या आरशासमोर गेले आणि तिथेच थिजले. मग म्हणाले, "म्हणजे तो मीच होतो."

हिवाळ्यातली गोष्ट, त्यांच्या विशीतली. खंदकात बाबा आणि त्यांचा जोडीदार, दोघंच. जोडीदार सतत शीळ घालायचा म्हणून सगळे त्याला 'शिट्टी' म्हणायचे. तोफगोळ्याने तार तुटली होती आणि ती जोडायला बाहेर जायची पाळी बाबांची होती. तेवढ्यात खंदकाच्या कोपऱ्यात त्यांना एक म्हातारा बसलेला दिसला. तपकिरी स्वेटर, खांद्यावर ठिगळ, पायात घरातल्या सपाता. चारी बाजूंना बर्फ आणि हा सपाता घालून बसलेला. म्हातारा म्हणाला, "तू उठू नकोस. बुटाची नाडी बांधत बस." बाबा बसले. भीतीने बोटं चालेनात, नाडीला गाठीवर गाठ पडत गेली. शिट्टीला कोपऱ्यात कुणीच दिसलं नव्हतं. तो म्हणाला, "राहू दे रे, मीच जाऊन येतो," आणि शीळ घालत बाहेर पडला. तो परत आला नाही.

बाबा आयुष्यभर त्या म्हाताऱ्याला भूत समजत आले. आरशात त्यांना तोच दिसला.

मी समजूत घालायला गेले. वय झालं की मन भलभलते खेळ खेळतं, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तो म्हातारा मीच, म्हणजे मी तिथे जाणार हे नक्की. कधी ते माहीत नाही. पण या वेळी मी त्या पोराला सांगणार आहे, ऊठ, तुझी पाळी आहे, तू जा." धाकट्या, त्याचा अर्थ तुझ्या लक्षात येतोय ना? तेव्हा तार जोडायला ते गेले असते तर आई त्यांना भेटलीच नसती. तू नाहीस, मी नाही. त्यांनाही ते कळत होतं, म्हणून माझ्याकडे न बघता बोलत होते. मला वाटलं, स्वेटर कुणाला तरी देऊन टाकावा. त्यांनी ते ओळखलं. "लपवलास तर मी तिथे कुडकुडेन, एवढंच होईल," म्हणाले.

त्यानंतर संपादकांकडे जाताना माझा पाय निघायचा नाही. चित्रं देऊन धावतपळत परतायचे. एका दुपारी परतले तर खोलीचं दार उघडताच गार वारा अंगावर आला. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं आणि बाबांच्या स्वेटरच्या बाहीवर बर्फ होता. माझ्यासमोर त्याचं पाणी होऊन जमिनीवर ठिबकलं. सपातांना काळा चिखल. खोलीला काहीतरी जळाल्याचा वास. मी त्यांचे पाय हातात घेतले, तर बर्फासारखे गार. "जाऊन आलो," म्हणाले.

मी विचारलं, काय सांगितलंत?

"जे ऐकलं होतं तेच." मग म्हणाले, "जा म्हणायलाच गेलो होतो ग. पण तो एवढासा होता. ओठ निळे पडलेले. तो अगदी आपल्या धाकट्यासारखा दिसतो, हे मला माहीतच नव्हतं. त्याला मर कसं म्हणू?" खंदकातून शिट्टीची शीळ लांब जाताना त्यांनी पुन्हा ऐकली. या वेळी ती कुठे थांबणार हे त्यांना माहीत होतं.

मला वाटलं, संपलं. पण तसं झालं नाही. मागच्या आठवड्यात जेवताना बाबांनी सहज विचारलं, "धाकट्याच्या चौकीजवळ मोडका पूल आहे का? आणि हिरव्या पत्र्याची शेड?" मला काय ठाऊक, तू कधी काही कळवतोस का? "त्याने दाढी वाढवलीय," म्हणाले, "आणि त्याच्याबरोबर एक चष्मेवाला पोरगा असतो." मी हसण्यावारी नेलं. काल तुझा फोटो आला. दाढी, मागे हिरवा पत्रा, शेजारी चष्मा लावलेला मुलगा. तो फोटो मी अजून बाबांना दाखवलेला नाही.

म्हणून हे लिहिते आहे. काल संध्याकाळपासून बाबा स्वेटर घालून खुर्चीत बसले आहेत, काढायला तयार नाहीत. तुझ्या चौकीवर काय पाहिलं, हे विचारलं तर नुसती नकारार्थी मान हलवतात. ते तुझ्याकडे यायला निघालेत. दिसले तर घाबरू नकोस, इथे माझ्यासमोर ते सुखरूप आहेत. ते 'बस' म्हणतील, बस. कारण विचारत बसू नकोस. पण बाबांचा निरोप याच्याही पुढचा आहे, आणि तो त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला: एकटा बसू नकोस. तो चष्मेवाला 'मी जाऊन येतो' म्हणेल, तेव्हा त्याचा हात घट्ट धर आणि त्यालाही खाली बसव. कुणी काहीही म्हणो, सोडू नकोस.

तुझीच,
ताई