गुरुवारी माझ्यासाठी थांबू नकोस

तीर्थरूप आईस, पायांवर डोकं ठेवून थोरल्याचा नमस्कार.

रेल्वेचा संप मिटलेला नाही. आज तिसरा दिवस स्टेशनच्या बाकावर काढतोय. जेवण वेळेवर मिळतं, पाठ तेवढी धरली आहे. तुझा गुडघा कसा आहे? पेपरची गाडी माणसं घेत नाही, म्हणून तिच्याबरोबर हे पत्र पाठवतोय.

काल संपावरचा एक ड्रायव्हर शेजारी बसला. म्हणाला, "काका, शिव्या द्यायच्या तर देऊन टाका." मी म्हटलं, "आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे हो." तो उठून चहा घेऊन आला.

मी आल्याशिवाय ऑपरेशन नको, असं मीच म्हटलं होतं. तो शब्द मागे घेतो. गुरुवारी धाकट्याचा हात धरून जा. देवावर भार टाकलाय.

पट्टी सुटल्यावर मी दिसलो नाही, तर ऑपरेशन बिघडलं असं समजू नकोस. मी अजून बाकावरच असेन.

तुझा थोरला